वन्संची जोडकार्डं

मालूवन्संना जाऊन आता सहा आठवडे होतील. डोंबिवलीहून त्यांच्या शेजारच्या साठेबाईंचा फोन आला, तेव्हा मी ठाण्याच्या घरी मटार सोलत बसले होते. सकाळचा चहा घेऊन वन्सं खुर्चीत बसल्या त्या बसल्याच राहिल्या, एवढंच त्या म्हणाल्या. मी उरलेले मटार सोलले, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि मग रिक्षा बोलावली. असं का केलं ते अजून मला सांगता येत नाही...

माझी नातवंडं, ईशान आणि रेवा, दूरदेशी असतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे. इतरांनी वाचलं तर वन्संना आनंदच झाला असता, त्यांना वर्ग भरलेला आवडायचा. पोरांनो, तुमच्यासाठी त्या व्हिडिओ कॉलवर कोडी घालणाऱ्या आत्याआजी होत्या. माझ्यासाठी त्या थोरल्या नणंद, तुमच्या आजोबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. कल्याणच्या एका कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं.

मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, सासरी कळव्याला आले तेव्हा जरा तोऱ्यातच होते. पहिल्याच आठवड्यात जेवताना बोलून गेले की सगळे पुरुष वेंधळे असतात. वन्संनी पोळीचा घास तसाच हातात ठेवून विचारलं, "सगळे? तपासलेस कधी?" मग शांतपणे समजावलं की 'सगळे' म्हणणाऱ्यावर फार मोठी जबाबदारी येते, आणि ते खोडून काढणाऱ्याला एकच नीटनेटका पुरुष आणून उभा केला की पुरतं. त्यावर माझा धाकटा दीर शरद छाती पुढे काढून म्हणाला, "ताई, मी आहे की." त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. सासूबाईसुद्धा हसल्या. वन्सं म्हणाल्या, सुधाचं विधान आजच्यापुरतं टिकलं.

शरदची ही एवढी ओळख पुरे. कल्याणजवळच्या मोहन्याला नोकरी करायचा, पेटी बरी वाजवायचा, आणि एका सोमवारी डबा घेऊन कामाला निघाला तो तिथे पोचलाच नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. तुमचे बाबा तेव्हा पाचवीत होते. पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला. शीळफाट्याला कुणी त्याला ट्रकमध्ये चढताना पाहिलं म्हणे, ते सांगणाराही नंतर गोंधळला. हळूहळू सगळे थकले. वन्सं तेवढ्या थकल्या नाहीत. दर मंगळवारी त्या एक जोडकार्ड टाकायच्या, कुठल्या तरी गावच्या धर्मशाळेला, आश्रमाला नाहीतर सरकारी दवाखान्याला. एका कार्डावर शरदचं वर्णन, दुसऱ्या कोऱ्या कार्डावर स्वतःचा पत्ता, म्हणजे समोरच्याला उत्तर लिहून नुसतं टपालपेटीत टाकायचं. एका वहीत गावांची नावं. एकाच दिशेला जाऊन बसायचं नाही, उत्तरेचं एक झालं की दक्षिणेचं एक, मग पूर्वेचं. आणि फिरून पुन्हा पहिल्या गावाची पाळी. माणूस काय, आज इथे नसेल तर उद्या येईल, असं त्यांचं म्हणणं.

बारा वर्षं अशी गेली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस करायचे, हा जुना रिवाज. गुरुजी तसं सांगून गेले. तुमच्या आजोबांची तयारी होती, मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. त्या बाईची सुटका व्हावी असं मला वाटत होतं. दारावर थाप पडली की त्या अजून मान उचलायच्या. पण सासूबाई लेकीच्या शब्दाशिवाय हलायला तयार नव्हत्या. वन्संना जवळ बसवून त्यांनी विचारलं, "मालू, तू शिकलेली आहेस. मला एवढंच सांग, तो नाही असं धरू का?"

वन्संनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "आई, ते मला ठाऊक नाही. पण तू विधी करून घे. मी स्वतः तिथे बसते."

कल्याणच्या खाडीकाठी विधी झाला. वन्संनी स्वतःच्या हातांनी दर्भाच्या जुड्या बांधल्या. तो मंगळवार होता. परत येताना स्टेशनाजवळ त्या "आलेच" म्हणून थांबल्या आणि मी पाहिलं, पिशवीतून कार्ड काढून त्यांनी लाल पेटीत टाकलं. माझं डोकं फिरलं. आताच ज्याला अग्नी दिला त्याची चौकशी! घरी आल्यावर मी टोचून बोलले, की जन्मभर पोरांना विसंगती शिकवलीत आणि स्वतः हे करता? आईला फसवलंत. त्या पिशवी उचलून आत गेल्या. पुढे चार महिने आमच्यात 'चहा घेणार?' याच्यापलीकडे बोलणं नव्हतं.

सासूबाई त्या चार महिन्यांत शांतपणे गेल्या. विधीनंतर दारावर थाप पडली तरी त्या मान उचलायच्या नाहीत. तेराव्यानंतर मी डोंबिवलीला वन्संकडे गेले. माफी मागायची होती, ती तोंडातून निघेना. त्याच बोलल्या. "सुधा, विधीला खरा की खोटा असं विचारता येत नाही. तो फक्त करता येतो. आईला तो हवा होता. मी तिला 'शरद नाही' असं एकदाही म्हटलं नाही."

मग त्यांनी मला वर्गात बसवल्यासारखं शिकवलं. मी इंग्रजीवाली, जमेल तेवढं सांगते. लहान तर्कशास्त्र असतं, त्यात नुसतं 'आणि', 'किंवा', 'जर-तर'. तिथे तक्ता मांडायचा, रकाने भरायचे, हो की नाही ते शेवटी कळतंच. त्याच्या वरचं ते पहिल्या कोटीचं. त्यात 'प्रत्येक' आणि 'कुणीतरी' येतात, माणसांबद्दल, वस्तूंबद्दल बोलता येतं. जवळजवळ सगळं गणित त्यात मांडता येतं. त्याच्याही वर आणखी थोर तर्कशास्त्रं आहेत, ती जास्त बोलतात, पण त्यांत खरं असलेलं सगळं सिद्ध करता येईल अशी हमी उरत नाही. वन्संचा जीव मधल्यावर. तिथे दिलेल्या विधानांवरून एखादी गोष्ट खरोखर निघत असेल तर तिची सिद्धता असतेच, आणि नेमाने, प्रत्येक वाटेला पाळी देत शोधत राहिलं तर कधी ना कधी हाती लागते. निघत नसेल तर मात्र शोध कायमचा चालू राहू शकतो. थांबा, आता काही सापडणार नाही, असं दर वेळी वेळेत सांगणारी युक्ती नाही, आणि असूच शकत नाही हेही सिद्ध झालेलं आहे.

"म्हणजे उत्तर आलं नाही, यावरून काहीच कळत नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच कळतं की अजून आलेलं नाही."

मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवले. दोघींनी मिळून पिठलं केलं, ते करपलं, आणि करपण्याचा दोष कुणाचा यावर वन्संनी पाऊण तास वाद घातला. माफी तशीच राहून गेली.

गेल्या वर्षी रेवाने, ती कंप्युटर शिकते, आत्याआजीला ऐटीत सांगितलं की हे सगळं तिच्या वर्गाला दुसऱ्या सेमिस्टरला होतं. वन्सं खूश होऊन म्हणाल्या, "बरं झालं. मला तीस वर्षं लागली."

घर आवरायला मी आणि साठेबाई बसलो. वह्या अकरा निघाल्या. जोडकार्डं मिळेनाशी झाली तशी वन्सं दोन साधी कार्डं पांढऱ्या दोऱ्याने शिवून घ्यायच्या. सुईदोरा टेबलाच्या खणातच होता, शेजारी दोन कोरी कार्डं. शेवटच्या वहीत पुढच्या गावाचं नाव लिहिलेलं, तारखेची जागा मोकळी. रेवाला फोनवर सांगितलं तर ती हळूच म्हणाली, "आजी, शरदआजोबा आता ऐंशीच्या घरात असतील ना?" हो म्हटलं. "मग आता थांबवायचं का?" मी शेवटची वही मिटून पिशवीत घातली. थांबवलं तर ते आपण थांबवलं एवढंच होईल, त्यापलीकडे त्याचा काही अर्थ निघणार नाही, हे आता मलाही कळतं.

कार्डं मी ठाण्याला घेऊन आले. मंगळवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून वर्णन लिहिलं; रंग सावळा, उजव्या भुवईवर व्रण, पेटी वाजवतो. केस पांढरे असतील, असं माझ्याकडून घातलं. टाके वाकडे आले. उत्तराच्या कार्डावर माझं नाव आणि पत्ता घातला, आणि तेवढ्याने त्याला ओळख पटेल की नाही म्हणून खाली कंसात लिहिलं, 'वहिनी'. मग वहीतल्या त्या गावापुढे तारीख टाकली, आणि दक्षिणेकडच्या एका गावाचं नाव पुढच्या ओळीवर लिहून ठेवलं.