ओठ दिसतील एवढं इंटरनेट

आमच्या घरात एकाही पुरुषाला मिशी नव्हती. लग्न होऊन मी हुबळीला आले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं, आणि कमरीपेठेत बिनमिशीचा माणूस म्हणजे फुकटची करमणूक होती. आमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर सासरे बसत. गिऱ्हाईक बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि अप्पा गुळगुळीत तोंडानं त्यांना पातेल्याचा भाव सांगायचे. मला वाटलं, असेल काही देवाबिवाचा नेम. तसं काही नव्हतं. सासूबाईंना ऐकू येत नव्हतं, आणि मिशीखालचे ओठ त्यांना वाचता येत नव्हते.

सासूला आमच्याकडे अत्ती म्हणतात. ऐन तारुण्यात टायफॉइडनं अत्तींचे कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, फक्त आवाज चढा आणि सपाट झाला. ओठ वाचायला त्या आपल्या आपणच शिकल्या, मराठीतले आणि कानडीतलेही. समोरच्या दुकानात नवरा-बायकोची चाललेली कुजबुज त्या आमच्या उंबऱ्यात बसून मला सांगायच्या, तेही एवढ्या मोठ्यानं की मी शरमेनं आत पळायची. आणि राग आला की मान फिरवायच्या. बस्स. मान फिरवली की सगळ्या जगाचं तोंड बंद. मग तुम्ही कितीही बोला.

ही मान मी लग्नानंतर वर्षभर बघितली. अत्तींचा धाकटा भाऊ बेळगावला असायचा. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो अचानक गेला. नवऱ्या मुलाच्या आईलाच भावाचं सुतक म्हणजे लग्न पुढं ढकलणं आलं. मांडव पडलेला, माझ्या माहेरची माणसं मिरजेहून येऊन उतरलेली. अप्पांनी ठरवलं, अक्षता पडेपर्यंत तिला सांगायचं नाही. कळलंच नाही तर सुतक लागतच नाही, असा शास्त्राधारही कुणीतरी वेळेवर काढून दिला. ऐकू येणाऱ्या बाईपासून अशी बातमी लपवणं कठीण असतं. अत्तींपासून सोपं होतं. पाठ फिरवून बोललं की झालं. भाऊ का आला नाही म्हणून त्यांनी ज्याला त्याला विचारलं, आणि ज्यानं त्यानं हसऱ्या तोंडानं सांगितलं, पोटात दुखालंय त्याच्या, आता बरं आहे. अत्तींनी भावाच्या वाटणीचे लाडू डब्यात बाजूला काढून ठेवले होते.

खरं कळलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांकडेच बघणं सोडलं. अप्पांना त्यांनी पुढं माफ केलं. ह्यांनाही केलं, शेवटी पोटचं पोर. माझ्या बाबतीत मात्र एक गाठ कायम राहिली. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण त्या लग्नातली नवरी मी होते. मी सांगितलेलं काहीही त्या दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्यायच्या. दूध नासलं म्हटलं तरी उठून पातेल्यात बघायच्या. माझाही राग नाकावर असतो. कितीदा वाटलं, ओरडून सांगावं. पण ओरडून उपयोग काय?

तर अशा घरातून हे मलेशियाला निघाले. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुकान मी बघत होते आणि हे धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात होते. तिथं नवं यंत्र यायचं होतं, ते शिकायला ह्यांना पाठवलं. निघताना ह्यांनी आपल्याच मोबाइलवर रोमिंग घेतलं आणि मोठ्या अभिमानानं सगळ्या गोतावळ्याला सांगितलं, नंबर हाच राहणार. तिथं आलेला फोन उचलला तरी आपलेच पैसे जातात, हे ह्यांना विमानतळावर उतरल्यावर समजलं. तोवर हुबळी, बेळगाव आणि मिरज मिळून झाडून सगळ्यांनी ‘पोचलास का’ म्हणून विचारायला फोन केले होते. थोरल्या माणसांचा फोन न उचलणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून ह्यांनी एकेक फोन भक्तिभावानं उचलला. उरलीसुरली शिल्लक एक मेल उघडून बघण्यात गेली. मी मनात म्हटलं, शाबास. त्यानंतर हे तिथल्या बूथवरून कार्ड घालून मला फोन करायचे आणि मी अत्तींना निरोप सांगायची.

एके दिवशी फोन आला तो ह्यांच्या सोबत्याच्या मोबाइलवरून. ह्यांच्या पोटात एकाएकी कळ आली, दवाखान्यात नेलं आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. आता धोका नाही, असं हे स्वतःच बोलले, आवाज बारीक होता पण आवाज ह्यांचाच होता. फोन ठेवला तर समोर अत्ती उभ्या. माझं तोंड बघून त्यांनी अर्धं ओळखलं होतं. मी जे खरं होतं ते सांगितलं, त्यांच्या पोटात दुखत होतं, आता बरं आहे.

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं, हे तेच वाक्य होतं.

“खोटं बोलालीस तू,” अत्ती म्हणाल्या. आणि मान फिरवली.

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. त्या जेवत होत्या, फुलं वाहत होत्या, पण कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. मी समोर जाऊन बसले की भिंतीकडे वळायच्या. दवाखान्याच्या कागदाचा फॅक्स दाखवला तो त्यांनी बाजूला सारला. कागदावर काहीही लिहिता येतं. एकदाच बोलल्या, भिंतीशीच, “त्याचं तोंड दाखवा मला.” फोनवर ह्यांचा आवाज रोज येत होता, पण तो माझ्यासाठी. त्यांना आवाजाचा काय उपयोग? आणि हे परतायला अजून अवकाश होता, टाके ओले असताना विमानात बसू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर ह्या बाईनं आपल्या मनाशी मुलाचं दहावं-बारावं घातलं असतं.

म्हणून इंटरनेट हवं होतं. ह्यांच्याजवळ कंपनीचा लॅपटॉप होता, त्याला कॅमेरा होता, पण राहायची जागा गावाबाहेर आणि तिथं इंटरनेटचा पत्ता नाही. तिथल्या सायबर कॅफेत पोरं गेम खेळत बसायची, कॅमेरा एकाही यंत्राला नव्हता. हुबळीचं सिम वापरून तोंड दाखवायचं तर पगार तिथंच ठेवून यावा लागला असता. मग हे पोटाला हात लावून तिथलं सिम शोधत हिंडले. पहिलं घेतलं ते बोलायला स्वस्त निघालं, इंटरनेट सुरू केलं की साखरेच्या पोत्याला भोक पडावं तशी शिल्लक गळायची. दुसऱ्या दुकानात महिन्याभराचंच घ्या म्हणाले, त्याची किंमत ऐकून हे पाणी पिऊन परत आले. प्रत्येक वेळी बूथवरून मला सविस्तर अहवाल यायचा. मी एकदा भडकले, म्हटलं, असेल तेवढं महाग घ्या, पण घ्या. हे चिडले नाहीत, म्हणाले, घेतोय गं, पण आईनं नीट बघेपर्यंत तरी टिकायला नको?

शेवटी मार्ग सापडला तो दह्याच्या दुकानात. पथ्य म्हणून हे एका तमिळ बाईंकडून दही आणायचे. त्यांनी विचारलं, आल्यापासून फोनशी काय झगडता? ह्यांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अमक्या कंपनीचं सिम घ्या, एकदा थोडे पैसे भरले की दिवसभर इंटरनेट, मोजमाप नाही, माझी मुलगी तेच वापरते. सिमही त्यांच्याच दुकानात, दह्याच्या फ्रिजच्या मागं टांगलेलं होतं. फोनला केबल लावून तो लॅपटॉपला जोडला की झालं. फोनवर हे ऐकताना मला त्या न बघितलेल्या बाईची ओटी भरावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि अत्तींना हाताला धरून रिक्षात घातलं. कुठं चाललोय हे सांगायची सोयच नव्हती. देशपांडे नगरात एक सायबर कॅफे होता, डॉक्टरांच्या पाट्यांच्या गर्दीत, जिन्यावरून वर. चालवणारे अण्णा ओळखीचे, त्यांच्या घरची भांडी आमच्याकडची. “बर्री अव्वारं, कुंदर्री,” म्हणत त्यांनी खुर्ची पुढं ओढली. अत्ती बसल्या, मी मागं उभी राहिले. अण्णांनी बराच वेळ कसलीकसली बटणं दाबली. चित्र येईना. मग त्यांनी विचारलं, आवाज बंद केला तर चालेल का, नुसतं चित्र बरं चालतं. मी म्हटलं, बंद करा, आवाज हवाय कुणाला.

चित्र आलं आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर दाढीमिशा वाढलेला, गाल बसलेला कुणी बाबा होता. दवाखान्यात अंथरुणावर कुठली दाढी करणार, आणि नंतर सिमच्या मागे धावताना कुणाला सुचणार? फोनवर दाढी ऐकू येत नाही. त्या काळ्या झुडपात ओठ हलत होते, पण दिसत काहीच नव्हतं. आणि आमच्या घरात पुरुषाची दाढी वाढते ती एकाच वेळी, सुतकात.

अत्तींनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, “कुणाचं?”

मी पुढं वाकले आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आधी दाढी काढा. ह्यांनी वाचलं. आधी कपाळावर हात मारला, मग उठून गेले. उठून चालत गेले, हे अत्तींनी बघितलं. पाण्याचा मग, साबण आणि वस्तरा घेऊन परत आले आणि कॅमेऱ्यालाच आरसा मानून बसले. चित्र अडखळत चाललं होतं. एकदा साबण, एकदा अर्धा गाल, मग बराच वेळ नुसता कोपर. अत्ती खुर्चीच्या टोकाला सरकल्या होत्या आणि हनुवटी वर करत होत्या, लहान मुलाला भरवताना आपण आपलंच तोंड उघडतो तशा. एक गाल मोकळा झाला, मग मिशी गेली, आणि तिच्याखाली आमच्या घरातलं तोंड निघालं. माझा जीव भांड्यात पडला. कॅफेत अनोळखी माणसं होती, तरी मी रडले.

हे टॉवेलनं तोंड पुसताना दिसले, आणि टॉवेल खाली आला तेव्हा ओठ किंचित उघडलेले होते. मग चित्र थांबलं. अण्णांनी पुन्हा बटणं दाबली, पण ते काही हललं नाही.

मी अत्तींना खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, काय म्हणाले?

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं. मग सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “म्हणालाय, आई, मी चांगला हाय. ती तुला खरंच सांगालती. तिच्यावर राग धरू नको आता.”

परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला होता. घरी आल्यावर दूध तापवायला मलाच सांगितलं आणि बघायला आल्या नाहीत.

हे परत आले ते बारीक होऊन, पण तोंड तुळतुळीत करून. जेवणं झाल्यावर मी सहज म्हटलं, त्या दिवशी तुम्ही माझी बाजू घेतलीत, बरं वाटलं मला. हे म्हणाले, कसली बाजू? मी वाक्य सांगितलं. ह्यांनी मान हलवली. “मी कुठं काय बोललो? तोंड पुसून बघतो तर तुम्ही दोघी पडद्यावर थिजलेल्या. इंटरनेट कधीच गेलं होतं. एक शब्दसुद्धा बोलता आला नाही.”

मी अत्तींकडे बघितलं. त्या समोरच सुपारी कातरत बसल्या होत्या, आमच्या दोघांच्या तोंडांपुढं, दिव्याच्या उजेडात. सगळं वाचलं असणार. माझी नजर गेली तशी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि मान फिरवली, भिंतीकडे. त्यांचे कान लाल झाले होते.