काकींचं बेडं

ही पोस्ट मी चिडून लिहितेय. आरे-वारेच्या सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर ते दुसरीकडे ढिगाने मिळतील.

मला शब्द जमवायचा नाद आहे. नवा शब्द कानावर पडला की ताटात गरम घावन पडल्यासारखं वाटतं. गेल्या मार्चमध्ये रत्नागिरीजवळ एका काकींकडे उतरले, तेव्हा निम्मी वही भरली. घरी येऊन इथे त्यांच्या शब्दांची यादी टाकली, ती तुफान चालली. यंदा पुन्हा ओल्या काजूंचे दिवस आले, म्हणून उरलेली पानं भरायला निघाले.

पुण्याहून पहाटेची गाडी. आंबा घाट पोट ढवळून काढतो, तेव्हा आधी फार खाऊ नका. रत्नागिरी स्टँडवरून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याची एसटी घ्या आणि डावीकडची खिडकी धरा. काकींकडे दोन वेळच्या जेवणासकट दीड हजार.

त्यांच्या आवाराला चिऱ्यांचा गडगा आहे. आत शिरायला दोन खांब, खांबांना भोकं आणि त्यांतून सरकवलेले दोन बांबू. हेच बेडं. बांबू सरकताना होणारी खरखर मला वर्षभर आठवत होती.

"यावं. फाटक लावून घ्या," काकी म्हणाल्या.

फाटक? मी मागे वळून पाहिलं. गेल्या वर्षी हीच बाई मला "बेडं घाल गो" म्हणाली होती. जेवतानाही तेच. गडग्याचं कुंपण झालेलं, पऱ्याचा ओढा झालेला, आणि मी चक्क 'आपण'. काजूची उसळ तशीच झकास होती, तरी माझं डोकं फिरलं. असं का बोलता, विचारलं तर म्हणाल्या, "पाहुण्यांशी नीट बोलावं लागतं."

उत्तर दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरलं. चौघे पाहुणे. एकाने मोबाइल काकींच्या तोंडासमोर धरला.

"काकी, बेडं म्हणा ना. त्या हेलात."

काकी सपाट आवाजात म्हणाल्या. चौघे खिदळले. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा खिदळले. काकी आत निघून गेल्या.

मी त्या चौघांना फैलावर घेतलं. लाज वाटत नाही का, वगैरे सगळं. मोबाइलवाला शांतपणे म्हणाला, "अहो ताई, इथेच तर लिहिलंय," आणि जपून ठेवलेला स्क्रीनशॉट दाखवला. 'काकींचा हेल ऐकाल तर हसून हसून मराल.' खाली माझं नाव.

मागच्या पडवीत काकी हाताला तेल लावून काजू सोलत होत्या. मी माफी मागितली.

"तुम्हीच लिहिलंत, ठाऊक आहे. मुलीने वाचून दाखवलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझं बोलणं आवडतं म्हणालात, आणि लोकांना हसायला बोलावलंत."

मी उठले. रेंज मिळेपर्यंत घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर चढत गेले आणि पोस्ट उडवली. परत येऊन सांगितलं. त्या "असू द्या" म्हणाल्या. 'असू दे' नाही.

सकाळी एसटीची वेळ झालेली. बांबू सरकवून मी पिशवी ओढत बाहेर पडले आणि धावत सुटले. मागून आवाज आला.

"बेडं कोन घालील गो? तुझा बापूस येनार हाय काय? गुरं शिरतील ना आत!"

मी परत गेले. दोन्ही बांबू भोकांत घातले. एसटी चुकली, पुढची दीड तासाने होती.

आता घरी आहे. यादी कुठे गेली म्हणून मेसेज येतायत. काढली, आणि काकींचा पत्ताही मिळणार नाही. बेडं तेवढं इथे राहू देते, ते मी ओरडा खाऊन मिळवलंय. राग अजून उतरलेला नाही आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे. वहीची पानं कोरीच परत आली. काकी मला पुन्हा 'गो' म्हणाल्या, तेवढंच घेऊन आले.