उसासारखं पाजलं
उसाला पाणी कसं द्यावं हे मला कुणी शिकवू नये. संडासाच्या पाण्यातलं मात्र मला काही कळत नाही, हे गेल्या उन्हाळ्यात म्हसवडपर्यंत पोचलं.

तासगावजवळच्या आमच्या काळ्या रानात शोषखड्डा कायम तुंबायचा. थोरली लेक मनीषा इंजिनिअर. तिनं घरामागं वाळूचा कमरेएवढा उंचवटा केला. सेप्टिक टाकीतलं पाणी मोटर दर काही तासांनी थोडंसं वर सोडणार, वाळू ते जिरवणार, दम खाणार, मग पुढचा घोट. मोटरच्या पेटीला हात लावायचा नाही, असं तिनं मला तीनदा बजावलं. (तिसऱ्यांदा तिच्या आईसमोर.)

म्हसवडकडच्या एका वसतिगृहाचे अध्यक्ष हे काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर पोरीला पहिलं स्वतंत्र काम मिळणार. सकाळी बघतो तर मोटर दोन मिनिटं चालून बंद! मला ती कंजूषी वाटली. आम्ही लाईट आली की रान भिजवून घेणारी माणसं. पाहुणे यायच्या आत टाकी रिकामी केलेली बरी, म्हणून पेटीतला टायमर काढून मोटर सलग चालू केली. बायको म्हणाली, "आवं, पोरीला इचारा की आधी." मी इस्त्रीचा सदरा घालायला गेलो.

तासाभरानं मनीषा अध्यक्षांना सांगत होती, इथं ओल नाही, वास नाही. तेवढ्यात उंचवट्याच्या पायथ्यातून काळं पाणी निघालं आणि सरळ अध्यक्षांच्या नव्या कोल्हापुरीत शिरलं. वास तर पार रस्त्यापर्यंत गेला. रात्री पाऊस झाला, असं मी म्हणून टाकलं. (एप्रिल होता. आभाळात ढग औषधालाही नव्हता.)

मनीषानं पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचे डोळे भरले होते. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"पोरीचं काय चुकलं न्हाई," मी मान खाली घालून म्हणालो. "मीच उसासारखं पाजलं."

अध्यक्षांनी चप्पल झटकली. मग मनीषाला म्हणाले, "आमच्यातबी असलं एक म्हातारं हाय. पेटीला कुलूप बसवणार असशील तर काम तुझं."

काम झालं, पुढं आणखी दोन मिळाली. कुलूप कशाला, असं कुणी विचारलं की मनीषा समजावत बसत नाही. मला गाडीत घालून नेते आणि नुसतं माझ्याकडं बोट दाखवते.