सरबताच्या बाटलीतलं औषध

साबणाच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं बाटल्या भरल्या. पट्ट्यावरून रिकामी बाटली यायची, नळीखाली धरायची, टोपण दाबायचं, की पुढची हजर. कारखाना बंद पडला तेव्हा तिथून आपल्याला गुडघेदुखीच तेवढी सोबत मिळाली, असं ती हसत सांगे. पण एकदा गल्लीमागच्या नाल्यात तिने त्याच बाटल्या पाहिल्या. तीच टोपणं, तीच निळी पट्टी, शेकड्यांनी. आपलीच लेकरं रस्त्यावर लोळताना दिसावीत तसं तिला झालं.

म्हणून तिने दुकान काढलं. मोठ्या पिंपांना तोट्या लावल्या आणि दारावर पाटी लावली: 'बाटली टाकू नका, भरून न्या.' भांड्यांचा साबण, कपड्यांचा साबण, फरशीचं पाणी, सगळं सुटं मिळायचं. विधवा झाल्यापासून नणंद तिच्याकडेच राहत होती. उघडण्याआधी दोघी घरोघर फिरून विचारून आल्या, "आपापली बाटली घेऊन याल ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण तर म्हणाला, "असं दुकान हवंच होतं हो!" पहिल्या आठवड्यात आल्या त्या शेजारच्या मास्तरीणबाई आणि एक मांजर.

हळूहळू लोक येऊ लागले. कुणाला पृथ्वीची काळजी होती, कुणाला बाटली घेऊन फोटो काढायची हौस. बहुतेकांना मात्र हवं तेवढंच घेता येतं याची सोय वाटायची. तिला कारणांशी काही देणंघेणं नव्हतं. माणूस आला म्हणजे झालं. लोक तिला बाटलीकाकू म्हणू लागले.

प्रत्येक बाटलीवर ती चिकटपट्टी लावून आत काय आहे ते लिहायची. एक दिवस मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "प्लास्टिक वाचवायचं दुकान आणि पट्टी प्लास्टिकची?" चारचौघांत विचारलं. बाटलीकाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि सुतळीने बाटलीच्या गळ्यात बांधायला सुरुवात केली. मास्तरीणबाई खूश झाल्या. ते दिसायलाही छान दिसे.

एका पिंपावर लाल रंगाने फुली मारलेली होती. त्यात मोरीचं औषध होतं. तुंबलेल्या नळीत केस असोत, चरबी असो, तासाभरात वितळवून टाकणारं. दिसायला पाण्यासारखं, किंचित पिवळसर, वास जवळजवळ नाहीच. कारखान्यात एकीच्या डोळ्यात त्याचा थेंब उडाला होता. तिचा तो डोळा पुन्हा उघडला नाही. बाटलीकाकू ते देताना दहा वेळा बजावायची, लाल शाईने 'विष' लिहायची, आणि मगच बाटली हातात द्यायची.

त्या शनिवारी सकाळी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस घाईघाईने आत आला. अंगावर ग्रीसने माखलेला डगला, कानाला फोन. पहिल्यांदाच येत होता. त्याने लिंबाच्या सरबताची रिकामी बाटली पुढे केली. वर लिंबाचं टवटवीत चित्र तसंच होतं.

"मोरी तुंबलीय, काकू. औषध द्या."

"दुसरी बाटली नाही का? ही सरबताची आहे."

"आईची आहे. सकाळीच संपली, लगेच धुऊन आणली." तो हसला. "टाकू नका, भरून न्या, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

मागचे दोघे हसले. स्वतःचीच पाटी अशी अंगावर आल्यावर ती काय बोलणार? तिने बाटली भरली, चिठ्ठी बांधली, बजावलं. "हो हो," म्हणत तो निघाला. निघता निघता म्हणाला, "जगाच्या लिफ्टा चालू करतो, काकू, आणि आमच्याच इमारतीची महिनाभर बंद. आई चौथ्या मजल्यावर अडकून पडलीय."

गर्दी ओसरल्यावर तिने केरसुणी घेतली. दाराच्या उंबऱ्यापाशी कागदाचा एक तुकडा पडला होता. उचलून उलटा केला. लाल शाईत 'विष' लिहिलं होतं. सकाळपासून ते औषध एकट्या लिफ्टवाल्यानेच नेलं होतं. सुतळीची गाठ सुटलेली होती.

तिने केरसुणी तिथेच टाकली.

"वन्सं, दुकान बघा!"

"वहिनी, अहो झालं काय? चपला तरी घाला!"

पण ती रस्त्यावर पोचली होती. त्याचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. माहीत एवढंच, की कुठेतरी चौथ्या मजल्यावर एक म्हातारी आहे, तिला लिंबाचं सरबत आवडतं, आणि तिच्या ओळखीच्या बाटलीत ते औषध आहे. घसा. अन्ननळी. पुढचं तिला मनातसुद्धा आणवेना.

नाक्यावरच्या न्हाव्याला तिने विचारलं, "लिफ्ट बंद पडलेली इमारत कोणती?"

"काकू, चालू असलेली विचारा, लवकर सापडेल." मग त्याने तिचं तोंड पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. "काय झालं? लिफ्टवाल्याकडे जायचंय का? तो पाण्याच्या टाकीमागे राहतो. पिवळी इमारत."

ती पळाली. ज्या बाईला दोन पायऱ्या चढताना कठडा लागायचा, ती पळाली. टाकीमागे पिवळ्या इमारती दोन निघाल्या. पहिलीची लिफ्ट धडधडत वर जाताना दिसली, तशी ती दुसरीत घुसली. पहिल्या मजल्यावर छातीत कळ आली. दुसऱ्यावर तिला वाटलं, वरून कुणाचं तरी ओरडणं ऐकू येतंय. थांबून कान दिला. रेडिओ होता. तिसऱ्यावर ती हाताने कठडा ओढत चढली आणि स्वतःशीच पुटपुटत राहिली, "पिऊ नका हो आजी, पिऊ नका."

चौथ्यावर एक दार अर्धवट उघडं होतं.

आत स्वयंपाकघराच्या टेबलाशी एक बारीकशी म्हातारी बसली होती. डोळ्यांवर जाड भिंगं. समोर लिंबाच्या चित्राची बाटली, टोपण काढलेलं. हातात ॲल्युमिनियमचा पेला. ती पेल्याकडे कौतुकाने बघत होती.

"आजी, थांबा!"

"कोण गं तू? माझ्या लेकाने बघ, आज सोडा घातलेलं सरबत आणलंय. कसं फसफसतंय! फेस बसेपर्यंत थांबलेय, नाकात जातो ना." ती पेला ओठांकडे नेऊ लागली. "गरम का लागतोय पेला, कोण जाणे."

बाटलीकाकूला कारण ठाऊक होतं. ते औषध ॲल्युमिनियमलासुद्धा खातं. तिने झडप घालून म्हातारीचं मनगट धरलं आणि पेला मोरीच्या दिशेने भिरकावला. अर्धं बाटलीकाकूच्याच हातावर सांडलं.

"चोर! चोर आली!" म्हातारी किंचाळली.

"प्यायलात का? आजी, एक घोट तरी प्यायलात का? तोंड उघडा!"

"सोड मला! नाही गं प्यायले, तू पिऊ दिलंस कुठे!"

तिने म्हातारीचे हात नळाखाली धरले, मग आपले. म्हातारी तिला बुक्क्या मारत होती आणि ती नळ सोडत नव्हती. आरडाओरड ऐकून शेजारीण धावत आली. तोवर बाटलीकाकूच्या हातावर लाल चट्टा उठला होता, आणि ती मोरीशेजारी फतकल मारून हुंदके देत होती. मोरी अजून तुंबलेलीच होती. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन आला म्हणून लेक औषध टेबलावर ठेवून तसाच कामावर पळाला होता.

शेजारणीने फोन केला, तो अर्ध्या तासात आला. ऐकताऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आधी तो तिच्यावर ओरडला, "अशी चिठ्ठी बांधतात का? माझी आई गेली असती!" मग आईकडे वळून ओरडला, "न विचारता घेतलंसच कसं?" आणि शेवटी भिंतीला टेकून म्हणाला, "ठेवलं कुणी पण? मीच ना."

बाटलीकाकूने टेबलावरच्या बाटलीचं टोपण घट्ट लावलं.

आठ दिवस दुकान बंद राहिलं. तेवढ्या दिवसांत औषध नेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं घर तिने शोधून काढलं आणि स्वतः जाऊन बाटली पाहिली. एका घरी ती तेलाच्या बाटलीशेजारी उभी होती. चिठ्ठी भिजून गळून गेलेली. त्या घरी तिला पाणी पाजून बसवावं लागलं. रोज दुपारी मात्र ती पिवळ्या इमारतीचे चार मजले चढून म्हातारीला बघून यायची. घसा दुखतो का, जेवण जातं का, विचारायची. म्हातारी वैतागून म्हणे, "अगं, मी प्यायलेच नाही! किती वेळा सांगू?" तरी ती जायचीच.

मास्तरीणबाई आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मी ते पट्टीचं बोलायला नको होतं."

"बोललात ते चूक नव्हतं," ती म्हणाली. "मी कौतुकाला भुलले, ते चुकलं."

नवव्या दिवशी तिने दुकान उघडलं. लाल फुलीचं पिंप तिने परत पाठवलं. खाण्यापिण्याच्या बाटलीत काही भरायचं नाही, असं ठरवलं. लोक कुरकुरले. "एवढी कटकट असेल तर आम्ही आपलं बाजारातून बंद बाटलीच आणू," असं तोंडावर सांगून काही गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. पर्यावरणाचं भरभरून बोलणारी माणसं त्यात पुष्कळ होती. मास्तरीणबाई टिकल्या, न्हावी नव्याने येऊ लागला, आणि एरवी कधी तोंड न उघडणारी दहा-बारा घरं टिकली.

दुकान चालू आहे. साधा भांड्यांचा साबण भरायलाही तिला आता दुप्पट वेळ लागतो. नणंद म्हणते, "वहिनी, मी भरते, तुम्ही बसा." ती बसत नाही. बाटली उजेडात धरते, वास घेते, गिऱ्हाइकाला विचारते, "घरी लहान कोण आहे? म्हातारं कोण आहे? ही कुठे ठेवणार?" आणि नीट उत्तर मिळेपर्यंत बाटली हातातून सोडत नाही.