चादरीवरचे सहा दिवस

क्षमा करावी, असं प्रभूनं सांगितलंय. करणार आहे. पण आमच्या चर्चच्या त्या पंचांचा नंबर सगळ्यात शेवटी.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोलापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवायचो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घ्यायचो. एका पोरीनं विचारलं, "सर, बायबलात देवानं सहा दिवसांत जग केलं. पण सूर्य चौथ्या दिवशी केला, तर आधीचे तीन दिवस देवानं कसे मोजले?" मी म्हणालो, "ते घड्याळाचे दिवस नव्हेत, बाळ. पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे, आणि तरी ती देवानंच केली."

नेमके ते पंच, चर्चचे कारभारी, दारात. गिरणीतले निवृत्त जॉबर, कामगारांवरचे मुकादम. भोंगा बिघडला की साहेब यांनाच छपरावर चढवायचे, आणि यांनी हाक दिली की तिकडं अक्कलकोटची माणसं डबे घेऊन कामाला निघायची! त्याच आवाजात ते पोरांसमोर गरजले, "देवाला खोटं पाडतो व्हय, मास्तर? सहा म्हंजे सहा! तुजं माकड तुज्या शाळंत ठेव."

वर्ग गेला. मला सतरंज्या झटकायचं काम मिळालं. आठ महिने झटकल्या. प्रत्येक सतरंजीत मला पंचांच्या मिशा दिसायच्या, त्यामुळं सोलापुरात इतक्या स्वच्छ सतरंज्या दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये नव्हत्या.

मग कापणीचा सण आला. कुणी ज्वारी आणली, कुणी कोंबडा. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. पंचांनी घरच्या मागावर विणलेली, द्राक्षांच्या घडांची चादर आणली. विणकराला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. मी गोड आवाजात विचारलं, "सलाम, काका. आधी द्राक्षं विणली की काय?"

"येडा का खुळा?" पंच खूश झाले. "आदी उबा ताणा लावायचा. मोकळा, रिकामा. मग त्यात आडवा बाणा भरायचा, तवा कुटं द्राक्षं दिसत्यात. ताण्याबिगर द्राक्षं काय हवेत लटकवू?"

"मग देवाचंही बघा की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "पहिल्या दिवशी उजेड, चौथ्याला सूर्य-चंद्र. दुसऱ्याला आभाळ नि पाणी, पाचव्याला पाखरं नि मासे. तिसऱ्याला जमीन, सहाव्याला जनावरं नि आपण. तीन दिवस ताणा, तीन दिवस बाणा. कुणी विणलं आणि कुठल्या बेतानं, ते बायबल सांगतं. किती वेळ लागला, ते खडक सांगतात. दोघांत भांडण कुठाय?"

  पंचांचा चेहरा पडला आणि माझे आठ महिने वसूल झाले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी तिथंच वर्ग परत दिला.

पुढच्या रविवारी वर्गात शिरतो तर पंच पोरांपुढं उभे. बोटांना सूत गुंडाळून सांगतायत, "पयले तीन दिवस ताणा, बरं का..." मला बघून म्हणाले, "ये मास्तर, बस. मी आदीपास्नं ह्येच सांगत हुतो की!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना!

ती चादर मात्र लिलावात मीच घेतली होती. अजून माझ्याकडं आहे, वीण जराही उसवलेली नाही. सोलापुरात थंडी पडली की मी ती पायाखाली घालतो आणि कुडकुडत झोपतो. पांघरणार नाही.