चाळीस टक्के म्हणजे पडणार का नाही?

गेल्या रविवारी फुलंब्रीजवळ आमच्या गावी गेलो, तो वैतागूनच गेलो होतो. कारण एकच... दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि त्याचा रोजचा फोन.

मी राहतो शहरात, उस्मानपुऱ्यात, नोकरीही तिथेच. शेती दादा आणि वहिनी बघतात. पण मोबाईलवर हवामान बघणारा शहाणा घरात मी एकटाच, असं सगळ्यांनी कधीतरी ठरवून टाकलंय... त्यामुळे पेरणी असो, फवारणी असो, काढणी असो, सकाळी सव्वासातला फोन येणारच. नेमका मी आंघोळीला निघालेला असतो तेव्हा.

प्रश्नही ठरलेला. "पडंल का नाय, तेवढं सांग."

आता मी काय वरुणराजाचा पीए आहे का? मी आपला समजावतो, दादा, चाळीस टक्के शक्यता दाखवतंय. तर म्हणतो, "चाळीस टक्के म्हंजे काय रे? पाऊस काय परीक्षेला बसलाय का?" रोज हेच... डोकं उठतं अगदी.

गेल्या वर्षी असाच कंटाळून म्हणालो, नाही पडत, पसर बिनधास्त. त्याने सगळा मका खळ्यावर वाळायला पसरला आणि तो बाजारात गेला. दुपारी जी सर आली, तिने मका पार भिजवला. दादा मला एका शब्दाने बोलला नाही, पण मी मात्र कानाला खडा लावला.

यंदा मक्याची मळणी झाली आणि नेमके परतीच्या पावसाचे दिवस. ॲपवर रोज कधी तीस टक्के, कधी चाळीस. मी टक्क्यांच्या भानगडीतच पडलो नाही. रोज एकच सांगायचो, "पडणार. झाकून ठेव." पडला तर मी खरा, नाही पडला तर चांगलंच झालं... असा माझा साधा सोपा हिशोब.

मधे दोनदा त्याचा भर दुपारी फोन आला. "ऊन चांगलं पडलंय रे, ताडपत्री काढू का?" मी ऑफिसात, समोर माणसं बसलेली. खेकसलो त्याच्यावर, "ऐकायचं नसेल तर विचारतोस कशाला?" तो फक्त "बरं" म्हणाला.

एक दिवस उस्मानपुऱ्यात खरंच जोराचा पाऊस झाला. मी लगेच भिजलेल्या रस्त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "बघा." गावात पडला का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

तर रविवारी पोचलो तेव्हा वहिनी मक्याच्या ढिगाजवळ उभी होती. ताडपत्रीचं एक टोक वर धरलेलं. मला म्हणाली, "भाऊजी, हात घाला जरा."

मी कोपरापर्यंत हात आत घातला... आणि चटकन बाहेर काढला. नुकत्याच उतरवलेल्या भातासारखा गरम होता मका. ताडपत्रीला आतून पाण्याचे थेंब धरलेले, आंबूस वास, आणि ढिगाच्या मधोमध दाण्यांवर हिरवट बुरशी.

पावसाने नव्हे, झाकून ठेवल्यामुळे मका वाफेनेच खराब झाला होता.

आणि मी काय करावं? दादावरच चढलो. एवढी वर्षं शेती करतोस, ऊन दिसत होतं तर उघडायचं नाहीस का? दादा खाली मान घालून ताडपत्री ओढत राहिला. मी नको म्हणालो म्हणून त्याने उघडला नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

वहिनी आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. त्यावर ती रोज दुधाचं लिहिते. पाऊस पडला की त्याच चौकटीत एक गोल करते, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मळणीपासून आजपर्यंत गोल होता एकच.

"बुधवारी पडला चार थेंब. बाकी रोज ऊन," ती म्हणाली. "तुमच्या फोनमधी काय, रोज पडणारच म्हनून लिहून येतंय?"

मी म्हणालो, नाही... तीस-चाळीस टक्केच असतं.

"मग तेवढंच सांगायचं ना भाऊजी. तुम्ही पावसाचं सांगत व्हता, का तुमच्या भीतीचं?"

खाडकन उतरली माझी घमेंड. दादाच म्हणाला, "जाऊ दे, पसरू लाग." दुपारपर्यंत आम्ही तिघांनी मका पसरला. चार-पाच पोती बुरशीचा निघाला, तो गुरांनाही घालता येत नाही. उकिरड्यावर टाकताना लाज वाटली, खरंच सांगतो.

सोमवारी सकाळी आंघोळीला गेलोच नाही. फोन समोर ठेवून बसलो. आता तो कशाला विचारतोय मला...

सव्वासातला फोन वाजला. "आज पडंल का नाय?"

मी म्हणालो, "दादा, असे दहा दिवस आले तर त्यातले तीन दिवस पडतो, सात दिवस नाही. आजचा दिवस तसला आहे. आला तर संध्याकाळी येईल. मला एवढंच दिसतंय, पुढचं तू ठरव."

तो म्हणाला, "मग चारपर्यंत पसरतो, चारला गोळा करून झाकतो. आसं सांगत जा की नीट."

ज्याला टक्के कळत नाहीत म्हणून मी वर्षानुवर्षं चिडत होतो, त्याला अर्ध्या मिनिटात कळले.

माझ्या शब्दावर दोन वर्षं त्याचा मका खराब झाला, तरी तो विचारतो मलाच. उद्या पाऊस पडेल का, मला ठाऊक नाही... पण सव्वासातला फोन वाजेल, हे मात्र शंभर टक्के.