रिबेलो मास्तरांची न लिहिलेली ओळ

विश्वासाने सोपविलेली वस्तू जो लोभाने बुडवितो तो दोषी, याविषयी दुमत नाही. परंतु तीच वस्तू जो हात जोडून, फुले वाहून बुडवितो, त्याच्या दोषाचे माप कोणी काढावे? मी चाळीस वर्षे धर्मशास्त्र शिकविले. एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला शांतपणे उत्तर दिले असते. तो प्रश्न माझ्यावरच येऊन पडला तेव्हा मात्र मी एक खोटे वाक्य तयार करून ठेवले.

इनासियो रिबेलो रास्ता पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहत. गोव्यातील एका चर्चमध्ये ते स्वरलिपी वाचायला शिकले, सतराव्या वर्षी मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ बँडच्या पियानोवर बसले, आणि पुढे चित्रपटांच्या गाण्यांसाठी वाद्यमेळ लिहून देत राहिले. नाव मात्र दरवेळी दुसऱ्याचे लागे. अकरा वर्षे खपून त्यांनी स्वतःची एक दीर्घ रचना केली, सोळा वादक आणि पियानोवर ते स्वतः, अशा मोठ्या बँडसाठी. ती एकदाच वाजली, कॅम्पातील एका सभागृहात. जेवणाची वेळ झाली म्हणून निम्मे श्रोते मध्येच उठून गेले. नंतर हॉटेलांना मोठे बँड नकोसे झाले आणि मास्तर मुलांना पियानो शिकवू लागले. चार वर्षांपूर्वी, अखेरच्या आजारात, लेकीकडे गोव्याला जाताना त्यांनी त्या रचनेची मूळ पाने माझ्याकडे ठेवली. महिन्याभरातच ते गेले.

गेल्या वर्षी त्या पानांना वाळवी लागली. जीर्ण पोथी रद्दीत घालायची नाही, तांबड्या वस्त्रात बांधून, अक्षता वाहून वाहत्या पाण्यात सोडायची, हा आमच्या घराचा रिवाज. मी वाईला गेलो आणि कृष्णेच्या घाटावरून ती पाने विधिपूर्वक सोडली. त्यांची लेक ऑलिंडा हिला मी विचारले नाही.

आज पाच वाजता ती येणार आहे. गोव्यातील काही वादक ती रचना पुन्हा वाजविणार आहेत. पाने सुखरूप आहेत ना, असे तिने फोनवर विचारले तेव्हा मी हो म्हणालो. आता सांगायचे वाक्य असे : ऑलिंडा, सगळे वाळवीने खाल्ले.

भोजनोत्तर मी डाव्या कुशीवर पडतो. पंख्याचा आवाज हळूहळू दूर जातो. डोळ्यांवर झापड येते, आणि वर, चार वर्षे कुलूप असलेल्या घरात, कोणीतरी बाक ओढते.

मी ऐकतो. पियानोवर डाव्या हाताचे खालचे स्वर एकेक पाऊल टाकत चालू लागतात. चालत चालत ते माझ्या छतापर्यंत येतात, भिंतीत उतरतात, आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी थांबतात.

तिथल्या खुर्चीवर रिबेलो मास्तर बसलेले आहेत. अंगात हॉटेलातला पांढरा कोट, गळ्याशी काळा बो टाय. कोट कोरडा आहे, पण बोमधून पाणी ठिबकते आहे.

"झोपलात, शास्त्रीबाब?"

"नाही मास्तर. नुसता पडलो आहे."

"मग उठा. मंडळी बसलीत."

मी पाय खाली टाकतो तर शहाबादी फरशी नाही, घोटलेली लाकडी जमीन आहे. हॉटेलाचे नाचघर आहे हे. उन्हे तिरपी पडली आहेत. सोळा खुर्च्यांवर सोळा माणसे माझ्याकडे पाठ करून बसली आहेत, आणि मी पंचा नेसून अनवाणी उभा आहे. मास्तर जुनी आठवण काढतात. कॅम्पात मी शेवटपर्यंत बसलो होतो, ते का, असे विचारतात. मी खरे सांगतो, की मधून उठायची लाज वाटली.

"मला वाटलंच," ते म्हणतात. "ट्रम्पेटवाला म्हणत होता, भटजींना डुलकी लागलीय, उठवू नका."

पाठमोरे खांदे हसून हलतात, पण हसण्याचा आवाज येत नाही. तेवढ्यात मला प्रत्येकापुढे एकेक कागद दिसतो, आणि जीव भांड्यात पडतो. मी म्हणतो, मास्तर, पाने तर आहेत, काहीच गेलेले नाही.

ते मान हलवतात आणि मला त्यांच्या धंद्याची रीत समजावून सांगतात. प्रत्येक वादकाला फक्त त्याची स्वतःची ओळ उतरवून देतात. त्या ओळी घरोघरी कुठे तरी सापडतीलही. अखंड रचना एकट्या रचनाकाराच्या पानांवर असते. असे बोलत ते पियानोपाशी बसतात. समोरच्या फळीवर कागद नाही.

"माझी ओळ मी वेगळी कधी उतरवलीच नाही. बोटांना ठाऊक होती. लिहिलेली होती ती तुमच्याकडच्या पानांवर, तेवढीच."

ते चार मात्रा मोजतात. सोळा माणसे एकदम श्वास घेतात. वाद्ये वाजू लागतात, आणि जिथे पियानो यायचा तिथे पाण्याचा आवाज येतो. मास्तरांची बोटे पट्ट्यांवर पडतात, पण पट्ट्या खाली काळ्या पाण्यात जातात. पाणी माझ्या घोट्यांना लागते. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. वाईचा घाट आहे, आणि माझ्या हातांत तांबड्या वस्त्राचे गाठोडे आहे. ते कोमट आहे. ते वर-खाली होते आहे, एखाद्या निजलेल्या अर्भकाच्या पोटासारखे.

"सोडा ना," मास्तर वरच्या पायरीवरून म्हणतात. "तेव्हा सोडलंत तसं."

"मास्तर, वाळवी लागली होती."

"कुठे?"

"कडांना."

"आणि आत?"

आत प्रत्येक खूण शाबूत होती. मी प्रत्येक पान उलटून पाहिले होते. मी सांगतो, की मला ते वाचता येत नव्हते, आणि मला वाटले, हे वाचणारे आता कोणी उरले नाही.

"माझी पोर वाचते," ते म्हणतात. आवाज चढत नाही, त्यामुळे मला अधिक भय वाटते. "सगळं मन लावून केलंत, बघितलं मी. फुलंसुद्धा ताजी होती. पण शास्त्रीबाब, जिवंत आहे की नाही हे न बघता कोणाला पोचवतात काय?"

मला हात जोडायचे आहेत, पण गाठोडे सोडता येत नाही. मी मान खाली घालतो, तर समोर पाठशाळेची चटई आहे. ओळीने बटू बसले आहेत. मास्तर गुरुजींच्या आसनावर आहेत. ऑलिंडासाठी जे वाक्य तयार केले आहे ते म्हणून दाखवा, असे सांगतात. मी म्हणतो. बटू ते उचलतात, आणि आम्हाला शिकविले होते तसे, पदाला पद जोडून घोकू लागतात.

ऑलिंडा सगळे. सगळे वाळवीने. वाळवीने खाल्ले.

ज्या रीतीने पाठ केलेले अक्षर पिढ्यान्पिढ्या पुसले जात नाही, त्याच रीतीने माझे असत्य त्या कोवळ्या कंठांत बसते आहे. मला थांबायचे आहे, पण माझेच तोंड पुढे सांगते आहे आणि ते मागून म्हणत आहेत. उलट म्हणतात, सुलट म्हणतात, वेग वाढत जातो. मी ओरडतो तरी तेच वाक्य बाहेर पडते.

मास्तर उठतात आणि माझा उजवा हात पालथा धरून त्याच्यावर पाच बोटे दाबतात, स्वर दाबून धरावेत तशी. सर्व आवाज थांबतात.

"माझी ओळ गेली ती गेली," ते म्हणतात. "आता खरं बोला."

पंखा फिरतो आहे. पाचाला दहा मिनिटे कमी आहेत. धोतर घामाने चिकटले आहे, वर कुठलाही आवाज नाही. मी हात उजेडात धरतो. मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत पाच गोल, तांबडे वण उठले आहेत.

दारावरची घंटी वाजते. ऑलिंडाला मी बसा असेही म्हणत नाही. उंबऱ्यातच सर्व सांगतो : कडा, आतल्या शाबूत खुणा, वाईचा घाट, फोनवरचे खोटे. ती भिंतीला टेकून उभी राहते. म्हणते, "काका, तुम्ही मला एक फोन तरी करायचा होता हो."

मग ती खाली बसते, आणि कोणत्या वादकांची घरे मला ठाऊक आहेत, असे विचारते. मी तीन नावे सांगतो. लिहून घेताना तिची नजर माझ्या हातावर जाते. काही न विचारता ती त्या वणांवर आपली बोटे ठेवून पाहते. अंगठा एका वणावर टेकतो, पण करंगळी शेवटच्या वणापर्यंत पोचत नाही. ती बोटे तशीच ताणून ठेवते, पियानोवरचा दूरचा स्वर गाठावा तशी.

त्या मुलीच्या हाताला बळ मिळो. त्या सोळा घरांत जे कागद असतील ते सुरक्षित राहोत. आणि रिबेलो मास्तर जिथे असतील तिथे त्यांना कोरडी जागा, मिटलेले दार आणि शेवटपर्यंत बसणारे श्रोते लाभोत.